डोळ्यांचा विसावा

मंगळवार, १४ तारीख
दुपार

प्रिय ताई,

प्रभूच्या नावाने तुला आणि घरातल्या सगळ्यांना सलाम. तुझा गुडघा आता कसा आहे? भावोजींचा खोकला गेला का, की अजून ते खोकून घरभर आपण कुठे आहोत ते कळवतात? आम्ही इकडे मजेत आहोत. म्हणजे मजेत आहोत असं लिहायची सवय आहे, हात आपोआप तेच लिहून गेला. असू दे, खोडत नाही.

आज सणामुळे दुकान बंद, म्हणून लिहायला बसलो. सकाळपासून तीनदा बसलो आणि तीनदा उठलो. एकदा चहा केला, एकदा नळाचा वायसर बदलला, एकदा उगाच सुयांचा डबा लावला. कामचुकार माणूस घरकामात किती हुशार होतो ते तुला माहीतच आहे.

एक विनंती आधीच करतो. हे पत्र बुधवारी प्रार्थना-गटात वाचू नकोस. एकटीने वाच, दार लावून वाच.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी तू, चर्चचे पाळकसाहेब आणि प्रार्थना-गटातल्या दोघी इथे येणार. रफूच्या कामातल्या माझ्या मास्तरांना भेटणार. त्यांची नजर अधू होत चाललीय म्हणून गटाने त्यांच्यासाठी मोठ्या अक्षरांचं पवित्र शास्त्र घेतलंय. ‘नऊ वर्षं ज्यांच्यासाठी गुडघे टेकले त्यांचा चेहरा तरी पाहू दे,’ असं तू लिहिलंयस.

ताई, मास्तरांना मी प्रभूविषयी एक अक्षरही सांगितलेलं नाही.

नऊ वर्षांत एकदाही नाही. तुला लिहिलेलं सगळं खोटं आहे. प्रभूने सांगितलेली हरवलेल्या मुलाची गोष्ट ऐकून मास्तरांची सुई हातातच थांबली, ते खोटं. ‘तुझा देव आमच्यासारख्यांकडे बघतो का रे,’ असं त्यांनी विचारलं, तेही खोटं. ते वाक्य मी बसथांब्यावर उभं राहून रचलं होतं. ते तू गटात वाचलंस, एक आजी रडल्या आणि तू मला उलट टपाली कळवलंस. तेव्हा मला बरं वाटलं होतं. लाज नंतर वाटली. आधी बरं वाटलं, हे तुला कळायला हवं.

आता पहिल्यापासून सांगतो.

मी इथे लागलो तेव्हा आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. तुझं पहिलंच पत्र आलं, त्यात तू विचारलं होतंस, ‘देवाने तुझ्या शेजारी कुणाला बसवलंय?’ मी खरं लिहिलं. कपडे धुण्याच्या दुकानाची मागची खोली, तिला एकच खिडकी, त्या खिडकीत मास्तर आणि मी, दोघे रफू करणारे समोरासमोर. तेवढ्याच उजेडासाठी गुडघ्याला गुडघा लावून बसायचं. कोटाच्या आतल्या शिवणीतून त्याच्याच रंगाचा धागा काढायचा आणि भोकावर एक धागा वर, एक खाली असा विणत जायचा. गिऱ्हाइकाला भोक कुठे होतं ते सापडलं नाही की काम झालं. हे सगळं मला मास्तरांनी शिकवलं. पहिल्या वर्षी माझं बिघडलेलं काम ते मालक यायच्या आत उसवून पुन्हा करायचे आणि वर म्हणायचे, ‘तुझा हात नाही रे वाईट, फक्त घाईत असतो.’

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. दुपारी डबा उघडला आणि आईने लावलेल्या सवयीने डोळे मिटले. मिटले न मिटले तोच मास्तर म्हणाले, “काय रे, डोळे दुखतात?”

अगदी काळजीने विचारलं, ताई. चेष्टा नव्हती. ‘नाही मास्तर, प्रार्थना करतोय,’ चारच शब्द होते. पण खोलीत इस्त्रीवाला होता, डाग काढणाऱ्या बाई होत्या. माझ्या आधी तिथे कुणीतरी प्रभूच्या वचनांची पत्रकं वाटायचा, त्याची नक्कल करून इस्त्रीवाल्याने आदल्याच दिवशी सगळ्यांना हसवलं होतं. मीही हसलो होतो.

मी म्हणालो, “हो मास्तर. बारीक काम ना. जेवणाआधी थोडा विसावा दिला की डोळ्यांना बरं असतं.”

वेळ मारून नेली. मनात म्हटलं, उद्या सांगू.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी माझ्यासाठी औषधाच्या दुकानातून डोळ्यांत घालायचे थेंब आणले. तिसऱ्या दिवशी डबा उघडला, मी डोळे मिटले, आणि उघडले तर समोर मास्तरही डोळे मिटून बसलेले. “झकास वाटतं रे,” म्हणाले. “कुणी शिकवलं तुला?”

“आईने,” मी म्हणालो. तेवढं एक खरं होतं.

पुढे तो आमच्या खोलीचा नियमच झाला. डाग काढणाऱ्या बाई डोळे मिटायला लागल्या, मग इस्त्रीवाला. नवीन कुणी आलं की मास्तर त्याचा डबा हाताने झाकायचे. “आधी डोळ्यांना विसावा, मग पोटाला. ह्याने शिकवलंय,” असं म्हणून माझ्याकडे बोट. सगळी खोली गप्प व्हायची. इस्त्रीसुद्धा उभी करून ठेवायचे. ताई, पाळकसाहेबांनाही इतकी शांतता कधी मिळत नसेल. एवढी माणसं समोर डोळे मिटून बसलेली, आणि का मिटायचे ते फक्त मला माहीत.

तू पत्रात विचारायचीस, ‘सांगतोस ना रे मास्तरांना?’ मी पहिल्यांदा नुसतं ‘हो’ लिहिलं. मग तू विचारलंस, ‘काय म्हणाले?’ एकदा ‘हो’ म्हटल्यावर मास्तरांना काहीतरी म्हणायला लावणं भागच होतं. रफूवाला आहे मी, पण तुझ्या पत्रांत नुसती ठिगळं लावत गेलो.

आणि अजून एक. पुढे पुढे मी प्रार्थनाही करेनासा झालो. डोळे मिटून बसायचो आणि सगळे कधी उघडतात त्याचा अंदाज घ्यायचो. मीही डोळ्यांना विसावाच देत होतो.

हात दुखायला लागला. बाकीचं उद्या लिहितो. बाकीचंच अवघड आहे.

गुरुवार, १६ तारीख

काल लिहिलं नाही. काल बुधवार होता, तुम्ही सगळ्याजणी मास्तरांसाठी प्रार्थनेला बसला असाल हे डोक्यातून जाईना.

मास्तरांची नजर अधू होतेय एवढंच मी तुला कळवलं होतं. खरं असं आहे की ती जवळजवळ गेली आहे. वर्षापूर्वी एका कोटाचं रफू त्यांच्या हातून एक ओळ सरकलं. मी ते गुपचूप उसवून नीट केलं. त्यांनी माझं केलं होतं, तसंच. मग ते इस्त्रीच्या टेबलाला आपटायला लागले, नेहमी डाव्या बाजूने. समोरचं दिसायचं, बाजूचं दिसायचं नाही. शेवटी मालकांनीच बळे डॉक्टरकडे पाठवलं. काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही; तीन-चार वर्षं आधी आला असतात तर रोजच्या थेंबांवर निभावलं असतं.

त्यांना डॉक्टरकडे मीच नेलं होतं. तिथून बाहेर आल्यावर वहिनी, म्हणजे मास्तरांच्या बायको, रडत मला म्हणाल्या, “चार वर्षं सांगतेय ह्यांना, डोळे दाखवा, डोळे दाखवा. तर म्हणे, मला काय होतंय, मी रोज विसावा देतो.”

त्यांना रिक्षात बसवलं आणि घरी आलो. त्याला आता दोन महिने झाले, तेव्हापासून मास्तर घरीच आहेत. मागच्या महिन्यात तुला लिहिलं, ‘मास्तर प्रभूला स्वीकारायच्या निर्णयाच्या अगदी जवळ आले आहेत.’ हे वाक्य मी त्यानंतर लिहिलंय, ताई.

तू येऊन त्यांच्या हातात शास्त्र ठेवणार, आणि ते म्हणणार, हे काय आहे? मी आधी त्या भीतीने हे पत्र लिहायला घेतलं. उघडं पडायच्या आत आपणच सांगितलेलं बरं, एवढाच हिशोब. चोराच्या मनात चांदणं. पण मंगळवारचं लिहिलेलं आज सकाळी वाचलं तेव्हा दिसलं की तुला आधी सांगणं हीसुद्धा पळवाटच आहे. तू चिडशील, पण जवळ घेशील. आधी जिथे जायला हवं होतं तिथे आज गेलो.

दुकानातून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन मास्तरांचं घर गाठलं. मास्तर खिडकीशी बसले होते, कामाला बसायचे तसेच, गुडघे पुढे घेऊन. हातात काही नव्हतं. आवाजावरून ओळखलं. “ये रे. आज डोळ्यांचा विसावा इकडे का?” म्हणून हसले.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. बसलो असतो तर पुन्हा हवापाण्यावर गेलो असतो.

“मास्तर, तो विसावा वगैरे काही नव्हतं. मी खोटं बोललो होतो. मी प्रार्थना करायचो.”

“कुणाची?”

“प्रभू येशूची. मी ख्रिस्ती आहे, मास्तर.”

“ते ठाऊक आहे मला,” मास्तर म्हणाले. “रविवारी तू कधी जास्तीचं काम घेतलं नाहीस. तेवढं कळतं. मला वाटायचं, स्वतःहून बोलेल कधीतरी. नाही बोलत, तर नसेल त्यात सांगण्यासारखं काही.”

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात आल्या होत्या. “म्हणजे डोळ्यांना त्याचा उपयोग नव्हताच?” त्यांनी विचारलं.

“नाही, वहिनी.”

त्यांनी माझ्यासाठी आणलेला पाण्याचा पेला तसाच परत नेला.

मास्तर म्हणाले, “डोळे माझे, हयगय माझी. डॉक्टरकडे जाऊ नकोस असं तू म्हणाला नव्हतास. ते सोड. काय म्हणायचास त्या वेळी?”

मी सांगितलं. अन्नासाठी आभार, हातांसाठी आभार, समोर बसलेल्या माणसावर कृपा कर.

“समोर तर मी बसायचो.”

“हो.”

“म्हणजे माझं नाव घेऊन तू कुणाशी तरी बोलायचास, आणि मलाच पत्ता नाही.” मग हळूच म्हणाले, “नऊ वर्षं डब्यातला घासन् घास वाटून खाल्लास माझ्याबरोबर. एवढं मात्र एकट्याने खाल्लंस.”

ताई, शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. मला तोंड वर करवेना. आणि तोंड वर केलं असतं तरी त्यांना कुठे दिसणार होतं, हे मनात आलं तेव्हा रडू आवरलं नाही.

निघताना म्हणाले, “उद्या दुपारी डबा घेऊन इकडे ये. आणि ह्या खेपेला मोठ्याने म्हण.”

शुक्रवार, १७ तारीख

आत्ताच त्यांच्याकडून आलोय. थोडक्यात लिहितो, पत्र संध्याकाळच्या टपालाला टाकायचं आहे.

डबा उघडला. मास्तरांनी डोळे मिटले, मग स्वतःच हसून म्हणाले, “मिटले काय आणि उघडे ठेवले काय. चल, सुरू कर.” वहिनी दाराशी पाठ करून उभ्या होत्या. मला आईची प्रार्थना आठवेना. तिसरीतल्या मुलाला कविता आठवू नये तशी. शेवटी म्हणालो, “प्रभू, मी ह्यांच्याशी खोटं बोललो. तुला लपवलं. ह्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि त्यात ह्यांची नजर गेली. मला क्षमा कर, पण आधी ह्यांना सांभाळ.” आमेन म्हणालो. आवाज इतका चिरका निघाला की इस्त्रीवाल्याला वर्षभर नक्कल पुरली असती.

मास्तरांनी विचारलं, “ह्यात जेवणाचं काही आलंच नाही की?”

“राहिलं, मास्तर.”

“उद्या ते म्हण. आणि हा प्रभू कोण, तुला एवढा का लागतो, तेही सांग. रोज थोडं थोडं सांग. मला आता दुकानात जायची घाई नाही. पण एक लक्षात ठेव, मला पटेलच असं धरून चालू नकोस. पुन्हा काही लपवलंस तर मात्र डबा उचलून परत पाठवीन.”

वहिनी माझ्याशी बोलल्या नाहीत. पाणीही दिलं नाही. ते बरोबरच आहे. त्या कधी बोलतील की नाही, मला माहीत नाही.

पहिल्या रविवारी ये. पाळकसाहेबांना घेऊन ये, पण मास्तरांनी प्रभूला कसं ओळखलं त्याची साक्ष ऐकायला म्हणून नको. त्यांच्याकडे अजून सांगायला काही नाही, मी त्यांना काही दिलंच नव्हतं. ते मोठ्या अक्षरांचं शास्त्र जरूर आण. त्यांना दिसणार नाही, पण वाचून मी दाखवणार आहे, आणि बारीक अक्षर आता मलाही दिसत नाही.

मंगळवारी तुला म्हणालो होतो की हे पत्र एकटीने वाच. ते मागे घेतो. बुधवारी गटात वाच. माझी खोटी पत्रं जशी उभी राहून वाचलीस, तसंच हेही उभी राहून वाच. त्या आजी आल्या असतील तर त्यांना पुढे बसव. माझी लाज राखायला म्हणून एकही ओळ गाळू नकोस. गटाच्या यादीतून मास्तरांचं नाव काढू नका, फक्त त्याच्या वरती अजून एक लिहा.

आईनंतर तुझाच झालेला, आणि तुझ्याशीच नऊ वर्षं खोटं बोललेला,

तुझा धाकटा