मंत्र्यांच्या बुटाला हात

डार्विन, ऑस्ट्रेलिया

चि. नरेंद्र यास अनेक आशीर्वाद.

घरच्या ग्रुपवर तू माझी क्लिप टाकलीस आणि खाली "शेवटी ताईही सत्तेपुढे वाकली" असे लिहिलेस, म्हणून हे पत्र लिहावे लागत आहे. आईची साखर, छोट्या कौमुदीचा खोकला आणि तुझे गुडघे ठीक असतील असे धरून चालते.

पुण्यात कॉलेज संपवून मी इकडे आले तेव्हा उच्चाराचे कारण सांगून मला टीव्हीच्या पडद्यावर घेत नसत. (उच्चार आजही तोच आहे, यांच्या कानांना सवय झाली.) पुढे वादळे, पूर आणि रस्त्यावर आलेल्या मगरी यांच्या बातम्या देत देत मी राजकीय वार्ताहर झाले. इथले मंत्री मला पाहून रस्ता बदलतात. ही माझी आयुष्याची कमाई, आणि नेमकी तीच त्या दिवशी पणाला लागली.

झाले ते असे. नवे निवारा केंद्र पहिल्याच वादळी पावसात गळू लागले. मंत्रिमहोदय पाहणीला आले आणि मी त्यांना लाइव्हमध्ये गाठले. छत्री एकच, त्यामुळे आम्ही अगदी जवळ उभे. "छत कोणी तपासलं होतं?" असे विचारत मी एक पाऊल पुढे टाकले, ते त्यांच्या बुटावर पडले. पुढचे मी केलेच नाही, ते आईने केले. (कुणाला पाय लागला की नमस्कार केल्याशिवाय ती पान वाढत नसे, हे तुला ठाऊक आहे. तू तर मांजरालाही करायचास.) मी वाकले, बुटाला हात लावला, तो छातीशी नेला आणि उभी राहून तोच प्रश्न पुन्हा विचारला. तो कुणीही ऐकला नाही. मंत्र्यांनी आशीर्वाद द्यावा तसा माझ्या खांद्यावर हात ठेवला होता.

संध्याकाळपर्यंत विरोधी पक्षाची तक्रार आली, की ही बाई निःपक्षपाती नाही. निवडणुकीची डिबेट मी घेणार होते. आमच्या संपादिका ग्लेनिस यांनी केबिनमध्ये बोलावून ती दुसऱ्याला देण्याचे सूतोवाच केले.

"शैला, मेट, तू त्याच्या पाया पडलीस. सगळ्या टेरिटरीने पाहिलं." (मेट म्हणजे दोस्त, टेरिटरी म्हणजे आमचा अख्खा प्रांत.)

मी सांगितले, पाया पडणे वेगळे आणि पाय लागल्याचा नमस्कार वेगळा. पहिल्यात आदर असतो, दुसऱ्यात माणूस कोण आहे याचा काही संबंध नसतो. त्यांना पटेना. मुद्दा नीट ठसवावा म्हणून मी खुर्ची पुढे ओढली आणि माझा पाय त्यांच्या पायाला लागला. मी टेबलाखाली गेले. वर आले तेव्हा ग्लेनिस यांनी दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले होते.

"नो वरीज," त्या म्हणाल्या. "डिबेट तूच घे. मधलं टेबल मात्र रुंद ठेवू."

तेव्हा ती क्लिप तात्काळ काढ आणि लेखी खुलासा टाक.

तुझी ताई,
शैला

ता. क. आईचा फोन आला होता. वाकल्याबद्दल तिची तक्रार नाही. पावसातल्या बुटाला लावलेला हात नंतर धुतलास का, एवढेच तिने विचारले.

आणखी एक. क्लिप काढण्यापूर्वी मला पाठव. माझ्याकडची अंधुक आहे, आणि त्यात निळा कोट फार बरा दिसतो. किंबहुना काढूच नकोस, खालचे वाक्य तेवढे बदल.

नोंद: मंत्र्यांच्या कार्यालयाने "आदराबद्दल आभार" म्हणून चॉकलेटे पाठवली होती. वार्ताहराने भेट स्वीकारायची नसते. आज त्यांच्या स्वागतकक्षात सही घेऊन परत दिले: डबा एक, चॉकलेटे आठ कमी. पैकी सहा कॅमेरामन मिहिरने खाल्ली.