तुमच्या गाडीचं मागचं दार

अण्णा, तुमच्या गाडीचं मागचं डावं दार वाया गेलं. काम पेंटरने केलं, घाई माझी होती.

त्र्यंबकहून येताना तुम्ही दगडाला घासून पाडलेला पोचा तुम्ही गेल्यावरही बरीच वर्षं तसाच होता. यंदा मला वाटलं, दसऱ्याला गाडी तुकतुकीत दिसावी. पेंटर म्हणाला, "ताई, गंज घासावा लागेल, रंग वाळायला पाहिजे. दिवाळीला घ्या ना." मी म्हणाले, "पूजा दसऱ्याला असते." मग त्याने गंजावरच पुट्टी थापली, वरून रंग मारला, आतलं हँडल कसंबसं अडकवलं. आणि मी, तुमच्या हाताखाली पूजाविधी शिकलेली, त्या ओल्या रंगावर स्नान, गंध, अक्षता, झेंडूचा हार, सगळं यथासांग केलं. सोळा उपचारांत रंग वाळू देणं येत नाही, ही शास्त्रातली उणीवच म्हणायची. काही अक्षता रुतल्या त्या रुतल्याच. पुढे रंगाला फोड आले, तेही मी हसण्यावारी नेलं.

दिवाळीनंतर आईला घेऊन दिंडोरीला मावशीकडे गेले. तिचं तेवढंच एक जाणं-येणं उरलंय. मी अंगणात गाडी लावते, उतरते, आणि काकांशी द्राक्षांच्या फवारणीवर बोलत आत जाऊन बसते. चहाही घेते. मग मावशी विचारते, "अगं, आक्का कुठंय?"

आक्का गाडीत. उन्हात, काचा बंद, आतलं हँडल निखळून हातात आलेलं, शेजारच्या सीटवर मावशीसाठी आणलेल्या डब्यांचा ढीग. चेहरा लालबुंद, पदराने वारा घालत बसलेली. "हाका मारल्या गं. म्हटलं, येशीलच." एवढंच बोलली. तेव्हापासून ती दिंडोरीचं नाव काढत नाही. गुडघ्यांचं कारण सांगते. गुडघे तिच्या मदतीला कायम तयार असतात.

म्हणून तिला डॉक्टरकडून आणता आणता गाडी दुसऱ्या गॅरेजला नेली. फिटरने पुट्टीचा पापुद्रा नखाने काढला. खाली पत्र्याची चाळण.

"कोणी केलं हो हे काम?"

"वडिलांच्या वेळचं आहे," मी म्हणाले.

किती सहज गेलं तोंडून. आणि मागे बाकावर बसलेली आई, जिला सगळं ठाऊक होतं, शांतपणे म्हणाली, "हो ना. त्यांना प्रत्येक गोष्टीची फार घाई."

घाई, आणि तुम्हाला. कुलूप लागलंय ना, हे ओढून बघायला अर्ध्या जिन्यातून परत वर येणारे तुम्ही. फिटर म्हणाला, "जुनी माणसं अशीच असायची." आम्ही दोघींनी मान डोलावली. तिने मला परक्यासमोर उघडं पडू दिलं नाही, त्यासाठी तुम्हाला पुढे केलं. घरी येईपर्यंत मात्र ती खिडकीबाहेरच बघत होती.

आता नवा पत्रा आहे, दार एका बोटाने उघडतं. काल विचारलं, "आई, रविवारी जाऊ या दिंडोरीला?" "बघू," म्हणाली. ते 'बघू' दाराबद्दल नव्हतं, हे मला कळतं. ती आत उकडत असताना मी चहा पीत होते, त्याबद्दल मी अजून तिची माफी मागितलेली नाही. दार दुरुस्त करून घेतलं की भागेल, असं वाटलं होतं.

आत्ता ती पलीकडच्या खोलीत मेथी निवडते आहे. आणि मी तुम्हाला लिहीत बसले आहे, कारण तुमच्याशी बोलताना डोळ्यांत बघावं लागत नाही.