अक्का गाडीत असताना वाजलेलं गाणं

टोंगाटापू बेट, टोंगा, मंगळवार

चिरंजीव सोसाया यास लोपेतीचे अनेक आशीर्वाद. (पद्धत म्हणून. मनात काय आहे ते पुढे कळेलच.) तू, फिफिता आणि पोरं खुशाल असाल, ऑकलंडची थंडी बाधत नसेल अशी आशा करतो. इकडे डुकरं मजेत आहेत, तुझ्या मेलेआना वहिनीचा गुडघा बरा आहे. मी मात्र भीतीने अर्धा झालो आहे, आणि त्याला कारण तू.

तू दर आठवड्याला गाणी पाठवतोस, त्याबद्दल माझी आजवर तक्रार नव्हती. आजोबांच्या काळातली गिटार, ब्राझीलचे ढोल, परवाचं ते भजनासारखं सुरू होऊन मध्येच धिंगाणा घालणारं काहीतरी, सगळं मी भक्तिभावाने ऐकतो. उलट तुला आमच्या चर्चच्या बँडची गाणी पाठवतो (तू ती ऐकत नाहीस, मला माहीत आहे). पण पन्नास वर्षांपूर्वीची ती घोगऱ्या आवाजाची बाई पाठवताना दोन शब्दांची सूचना द्यायला काय झालं होतं?

शुक्रवारी आपल्या थोरल्या बहिणीला, कालोलाइने अक्काला, तिच्या शाळेतून घरी सोडायला निघालो. ती मागे, मी पुढे, आणि माझ्या मोबाइलवर तुझी गाणी चालू. आधी ढोल वाजले. अक्का म्हणाली, "बरं आहे की रे हे! सोसायाने पाठवलं वाटतं?" मी फुगलो. पुढचं गाणं त्या बाईचं. पहिल्या ओळीत तिने कुणाला तरी घरात बोलावलं, दुसऱ्या ओळीत कडी लावून घेतली.

तिकडे राहून तू विसरला असशील म्हणून सांगतो, भाऊ-बहीण मोठे झाले की असलं काही एकत्र ऐकत नाहीत. अक्का समोर असताना टीव्हीवर कुणी कुणाचा नुसता हात धरला तरी मी परसात जातो. गाडीत परस कुठलं? बटण दाबलं तर आवाज वाढला. "बंद कर" असं अक्का म्हणू शकत नव्हती, कारण मग तिने ऐकलं असं झालं असतं. "माफ कर" असं मी म्हणू शकत नव्हतो, कारण मग मी ऐकलं असं झालं असतं. अक्का मोठमोठ्याने प्रार्थना म्हणू लागली. बाई उसासे टाकू लागली. मी दार उघडून उडी मारली.

(गाडी चालू होती, हे नंतर लक्षात आलं. डुकरं आडवी आल्यामुळे वेग कमी होता, म्हणून तर हे पत्र लिहितो आहे.) गाडी अक्काला आणि बाईला घेऊन पेनिसिमानीच्या अळूच्या शेतात घुसली आणि रुतली. मी धावलो, तर आतून अक्का ओरडली, "तिथेच थांब, लोपेती! पाठ फिरव!" गाणं संपेपर्यंत मी पाठ करून उभा, आणि बांधावरून पेनिसिमानी विचारतोय, "काय रे, भूत बघितलंस का?" मग अक्का उतरली आणि चालत घरी गेली.

तेव्हापासून बोललेली नाही. येत्या शनिवारी आमच्या लेसिएलीचा एकविसावा वाढदिवस. थोरली आत्याच आली नाही तर मानाच्या चटया कुणापुढे ठेवायच्या? पोरगी रोज विचारते, "बाबा, आत्या येणार ना?" आणि मी डुकरांना खायला घालायला पळतो. माफी मागायची तर विषय काढावा लागतो. भाजलेलं डुक्कर पाठवून पाहिलं. ते तिने ठेवून घेतलं, निरोप काही नाही. सोसाया, मला खरंच फार भीती वाटते रे.

थोरांना नमस्कार, पोरांना पापे.

तुझा (शनिवारपर्यंत तरी)
लोपेती

ता. क. अक्काला तू फोन करू नकोस, तूही तिचा भाऊच. फिफिताने करावा आणि मोबाइल मेलेआनाचा होता, असं ठोकून द्यावं. मेलेआना तयार आहे.

ता. ता. क. फोन नको! मेलेआना आत्ताच अक्काकडून आली. अक्का शनिवारी येणार! निघताना तिने मेलेआनाला बाजूला घेऊन विचारलं म्हणे, "त्या बाईची आणखी गाणी आहेत का गं? लोपेतीला सांगू नकोस हं." तेव्हा असतील नसतील तेवढी फिफिताकरवी मेलेआनाला पाठव. मला यातलं काही माहीत नाही. शेतात गाडीकडे पाठ करून मीही ते गाणं शेवटपर्यंत ऐकलं होतं आणि मला ते फार आवडलं होतं, हे मात्र अक्काच्या कानावर या जन्मी जाता कामा नये.