माया सोडून कापावे

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्षात मी उताणी पडले आहे. पालथं व्हायला बंदी आहे, तेव्हा नमस्कार उलट्या बाजूने समजून घे.) तुझी प्रकृती बरी असेलच, कारण सध्या तिच्यात माझा मोठा वाटा आहे. पत्रास कारण की, मी तुझ्याशी बोलत नाही. सहा वर्षं बोलत नाही, आणि यकृताचा तुकडा दिला म्हणून लगेच बोलायला लागेन अशा भ्रमात राहू नकोस. तुझ्या काचेच्या खोलीत मला सोडत नाहीत, म्हणून सिस्टर हे तुला वाचून दाखवतील. (सिस्टर, कंसातलं वाचायचं नाही.)

आधी त्या समितीचं ऐक. मी तुकडा प्रेमापोटी देतेय की कुणाच्या दबावाखाली, हे तपासायला तीन माणसं बसली होती. मी पडले कपडे शिवणारी. 'उद्या नक्की देते' सोडलं तर मला खोटं बोलता येत नाही. सांगून टाकलं, कसलं प्रेम आणि कसलं काय! आमच्या घरासमोरच्या बाईंनी सहज मागितलं, तर या गृहस्थाने आईचं शिलाई मशीन उचलून दिलं, कारण याच्या तोंडातून कुणासाठी 'नाही' हा शब्द निघत नाही. तेव्हापासून मी याचं तोंड पाहिलेलं नाही. अर्धा तास तुझ्या नावाने खडे फोडले. वहिनीने कपाळाला हात लावला. शेवटी मधल्या बाई चष्मा पुसत म्हणाल्या की इतकं जीव तोडून सख्खी भावंडंच भांडतात, आणि त्यांनी शिक्का मारला.

मग मापं. तुला किती पुरेल, मला किती उरेल, सर्जन स्कॅनवर रेघा मारत बसले. मला राहवेना. म्हटलं, डॉक्टर, बेताचं कापू नका, थोडी माया सोडा. (शिवणीसाठी जास्तीचं कापड ठेवतात त्याला आम्ही माया म्हणतो, हे त्या शिकल्यासवरल्या माणसाला कुठून कळणार!) ते एकदम गंभीर झाले. माझा हात धरून म्हणाले, अहो ताई, सख्खा भाऊ आहे, माया कशी सोडायची? पुढे दहा मिनिटं मला नात्यांवर व्याख्यान. वर म्हणे, उरलेलं यकृत काही महिन्यांत वाढून जवळजवळ पूर्वीएवढं होतं. असं कापड मला बाजारात मिळालं असतं तर मी आज बंगल्यात असते. पोटाला मात्र पिना मारल्यात. उशीच्या अभ्र्यालाही मी असं काम करत नाही, हे त्यांना तोंडावर सांगितलं.

आणखी एक. तुकडा काढताना माझं पित्ताशयही काढलं. त्यामुळे आता मला राग येणं शक्यच नाही, असं वहिनीने परस्पर ठरवून टाकलंय. काल अळणी सूपवरून मी वॉर्डबॉयला फैलावर घेतलं, तर ती लाडाने म्हणते, तुम्हाला नुसता भास होतोय! तिकडे तुला तुकडा जोडल्याबरोबर त्यातून पित्त वाहायला लागलं, तर सगळे डॉक्टर खूश. जन्मभर ज्या पित्तावरून मला नावं ठेवलीत, त्याचं आता तुझ्या कागदावर रोज कौतुक लिहितात.

सर्जन म्हणतात, रिझल्ट उत्तम आहे. (आज पाचवा दिवस. तू डोळे उघडतोस, मिटतोस, बोलत मात्र नाहीस. मला फार भीती वाटते रे दादा. त्या उत्तम रिझल्टशी मी भांडू कशी? सिस्टर, हे तर मुळीच वाचू नका.)

तुझी न बोलणारी,
धाकटी

ता. क. मला काही नको. फक्त आईचं मशीन परत आण. ते मागायला तुलाच जावं लागेल, आणि जायला जिवंत असावं लागेल, तेवढं बघ.

दुसरा ता. क. सिस्टर आत्ताच येऊन गेल्या. त्यांनी कंसांसकट सगळं वाचलं म्हणे! मशीनच्या ओळीपाशी आल्यावर त्यांनी विचारलं, दमलात का, थांबू का? तर तू डोळे न उघडता म्हणालास, "नाही." पाच दिवसांतला पहिला शब्द, आणि तोही हा! मी रडले, पोटावरच्या पिना ताणल्या गेल्या, त्यांनी मला दम दिला. दादा, आता तो शब्द विसरू नकोस. समोरच्या बाई 'राहू दे की आमच्याकडेच' म्हणतील, तेव्हा लागेल.