टेबलावर ठेवलेल्या गोळ्या

७ डिसेंबर, रविवार

स्तोत्र १०३. तो सगळे रोग बरे करतो. सगळे. 'बहुतेक' असं तिथे लिहिलेलं नाही.

आज उपासनेत पुष्पा साक्षीला उभी राहिली, देवाने तिच्यासाठी काय केलं ते सांगायला. अंजनाबाईंची मुलगी, बावीस वर्षांची, आमच्या रूथसारखीच सिकलसेलची. "रूथची साक्ष आयकून आयकून मीबी गोळ्या सोडल्या. महिना झाला. दुखणं नाई." एवढं बोलून तिने कॅप्सूलची डबी टेबलावर ठेवली. सगळ्यांनी तीनदा 'प्रभूची स्तुती असो' म्हटलं. माझा आवाज सगळ्यांच्या वर. गिरणीवाल्याचा गळा, पत्र्यावर घुमतो.

टेबलाची रीत मीच पाडली. प्रभूसाठी जे सोडायचं ते क्रुसाखालच्या टेबलावर आणून ठेवायचं. लोकांनी ताईत ठेवले, तंबाखू-खर्ऱ्याच्या पुड्या ठेवल्या, एकाने दारूची अर्धी शिशी ठेवली (उरलेली अर्धी कुठे गेली ते विचारलं नाही). मे महिन्यात मी रूथच्या गोळ्या ठेवल्या. सात महिने झाले, पोर एकदाही कण्हली नाही.

खरे पास्टर चंद्रपूरहून महिन्यातून एकदाच येतात. बाकीचे रविवार माझ्या गळ्यात. लोक मलाच पास्टरभाऊ म्हणतात आणि मीही म्हणू देतो.

गर्व नको. पण आनंद झाला तो झाला.

१० डिसें., बुध.

स्तो. १०४. नुसतं वाचलं, मन लागलं नाही. धान भरडायला रांग. पट्टा दोनदा उतरला.

गावात सरकारी दवाखान्याचं काम बघणाऱ्या आशाताई गिरणीवर आल्या. "भाऊ, पुष्पानं गोळ्या बंद केल्या म्हणते. थंडी वाढून राह्यली. तुमचं आयकते ते, तुम्ही सांगा तिले." मी म्हणालो, देवाने सांगितलं तर सांगेन. माझं वाक्य मलाच आवडलं. आशाताई मागच्या दाराशी जाऊन माझ्या बायकोशी, शेवंताशी, बराच वेळ कुजबुजत होत्या. बायकांचं काय असतं कोण जाणे.

१५ डिसें., सोम.

पुष्पाचं दुखणं सुरू. गुडघे, कंबर, मग पाठ. बोलावणं आलं म्हणून गिरणी बंद करून गेलो. खाटेची कड दोन्ही हातांनी धरून पडली होती. तेल लावून तासभर प्रार्थना केली. स्तो. ९१ पूर्ण, न बघता.

निघताना अंजनाबाईंनी दारात विचारलं, "गोळी देऊ का जी? एक डबी आहे अजून पेटीत."

मी म्हणालो, "विश्वास डळमळू देऊ नका."

१७ डिसें., बुध.

पुष्पाला उतार. पेज प्यायली. प्रभू, धन्यवाद. दुसरं काही लिहीत नाही.

१९ डिसें., शुक्र.

उतार कसला. काल संध्याकाळपासून पुन्हा, आणि डोळे पिवळे. घरी येऊन शेवंताला म्हटलं, उद्या आपण दोघं पुष्पासाठी उपास धरू. ती करंज्यांसाठी खोबरं किसत होती. किसणी खाली ठेवली आणि म्हणाली,

"उपास नका धरू. रूथ गोळ्या घेते."

मला आधी कळलंच नाही.

"मी देतो रोज. चहासंगं. आशाताई आणून देते. तुम्ही टेबलावर ठेवल्या ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

सात महिने. रोज सकाळी माझ्यासमोर. मी तिकडे स्तोत्र वाचत बसलेला आणि इकडे पोरगी गोळी गिळते.

मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहिण्यासारखं नाही. ती म्हणाली, "साक्ष तुमची. पोरगी माही." मग रडायला लागली. "म्या तवाच सांगतलं असतं तं पुष्पानं सोडल्या नसत्या. हे माह्या डोक्यावर आहेच. पन तुमच्या घरात कोणाले बोलू देता का तुम्ही?"

खोबरं तसंच पडून राहिलं.

२० डिसें., शनि.

रूथला विचारलं. बारावीला आहे, सरळ बोलते. "पप्पा, मले जगायचं होतं. आणि तुमाले दुःख द्यायचं नव्हतं." दोन्ही एकाच दमात.

म्हणजे देवाने बरं केलं नाही? की गोळीतून केलं? मग मी कशाची साक्ष दिली? गावात दिली, पोंभुर्ण्यात दिली, चंद्रपूरच्या मेळाव्यात माइकवर दिली. आणि देताना पुरतं बरं झालं असं पाहिलं होतं का? नाही. टेबलावर ठेवल्याच्या दुसऱ्याच रविवारी बोललो. विश्वासाने आधी बोलायचं, देव मागून पुरं करतो, असं आपल्यात म्हणतात. मीच म्हणतो.

ताईत आणि गोळी एकाच टेबलावर ठेवली. ताईत माणसाने भीतीने बांधलेला असतो. गोळी कोणी भीतीने बनवली? एवढा फरक मला कळू नये?

आज स्तोत्र वाचलं नाही.

२१ डिसें., रवि.

सांगायचं ठरवून गेलो होतो. नाही सांगितलं.

नाताळाआधीचा रविवार, पत्र्याला पताका, पोरं गाणी बसवतायत. कारूभाऊ दारातच हात धरून म्हणाले, "पास्टरभाऊ, तुमच्या रूथकडे पाहून आमचा विश्वास वाढते जी." उभा राहिलो आणि स्तो. ३४ वर बोललो, सर्व समयी त्याची स्तुती करावी म्हणून. चांगलं बोललो. तीच तर गोष्ट आहे, चांगलं बोललो. शेवंता पहिल्या रांगेत खाली मान घालून बसली होती. पुष्पासाठी सगळ्यांनी प्रार्थना केली. मीही केली, मोठ्याने.

भित्रा. दुसरा शब्द नाही.

२२ डिसें., सोम.

स्तो. ३२. मी गप्प राहिलो तेव्हा माझी हाडं झिजली, असं तिथे आहे. माझी कुठे झिजतायत? हाडं तिकडे पुष्पाची दुखतायत.

सकाळीच गेलो आणि अंजनाबाईंना म्हटलं, पेटीतल्या गोळ्या सुरू करा. नुसतं एवढंच. कारण सांगितलं नाही. "देवाले राग नाई येणार?" नाही म्हटलं. "मंग रूथले काऊन नाई लागल्या? माह्या पोरीचाच विश्वास कमी पडला का जी?"

तेव्हा बोलायला हवं होतं. दार उघडं होतं, वाक्य तयार होतं. मी म्हणालो, देवाची प्रत्येकासाठी वेगळी योजना असते.

पुष्पाने आतून ऐकलं. म्हणाली, "टेबलावर ठेवलं ते ठेवलं. मी परत नाई उचलत." आईने गोळी तोंडापाशी नेली तर तिने ओठ मिटले. आशाताईंना सांगून दवाखान्याची गाडी बोलवा म्हटलं. त्यालाही नाही. पोरीचा विश्वास माझ्यापेक्षा पक्का. आणि तो मीच बांधून दिलेला.

२५ डिसें., गुरु. नाताळ

उपासना सुरू असतानाच निरोप आला. पुष्पाला ताप, छातीत दुखतं, श्वास लागतो. यावेळी नाही म्हणण्याइतकी ताकद तिच्यात नव्हती. १०८ ची गाडी आली. मी सोबत गेलो, नव्या शर्टावर. पोंभुर्ण्यापर्यंतचा रस्ता सगळा जंगलाचा, गाडी हळू. अंजनाबाई पूर्ण वाटभर एकच म्हणत होत्या, "येशू, येशू." मला एकही स्तोत्र आठवलं नाही.

तिथून चंद्रपूरला पाठवलं. खिशात शेवंताने बांधून दिलेल्या करंज्या होत्या. अंजनाबाईंनी खाल्ल्या नाहीत, मी दोन खाल्ल्या. भूक लागली होती.

२७ डिसें., शनि. चंद्रपूर, दवाखान्याचा व्हरांडा

रक्त द्यायचं होतं. मी बाही वर करून पहिला उभा. तपासणारा पोरगा म्हणाला, "काका, तुम्ही सिकलचे वाहक आहात, तुमचं नाही चालत." बाही खाली केली. रूथला हा आजार माझ्याकडून आणि शेवंताकडून अर्धा-अर्धा आला, हे मला माहीत होतं की. तरी उभा राहिलो.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गोळ्या कधी बंद केल्या? अंजनाबाई म्हणाल्या, "नोव्हेंबरात." का बंद केल्या? त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "असंच. विसरलो."

माझ्यासाठी खोटं बोलल्या. मला वाचवायला.

बिछान्याच्या कडेला नवा करार ठेवला आहे, पण मला जुन्या करारातला ईयोबच हवा होता. फोनवर काढला. अध्याय १३, वचन ७. देवाची बाजू घेऊन तुम्ही खोटं बोलाल का, असं तो मित्रांना विचारतो. हे मी कितीदा वाचलं असेल. दर वेळी मला वाटायचं, हे त्या मित्रांना आहे.

३० डिसें., मंगळ.

पहाटे पुष्पाचा उजवा हात पडला. तोंड एका बाजूला ओढलं. बोलता येत नाही. मेंदूकडचं रक्त अडलं म्हणतात, या आजारात होतं तसं कधी कधी. परत येईल का, तर पाहू म्हणतात.

प्रभू, हे तू केलंस असं मी म्हणणार नाही. तू होऊ दिलंस असंही म्हणवत नाही. मी केलं. पण तू कुठे होतास, एवढं विचारतो. उत्तर नाही आलं तरी विचारलं असं लिहून ठेवतो.

२ जानेवारी, शुक्र.

सांगितलं.

व्हरांड्यात अंजनाबाई डबा धूत होत्या. मी म्हणालो, रूथच्या गोळ्या बंद झाल्याच नव्हत्या. शेवंता देत होती. मला एकोणीस तारखेला कळलं. मी तुम्हाला बावीसला सांगितलं नाही.

त्यांनी नळ बंद केला. मला वाटलं, मारतील. मारायला हवं होतं. मग म्हणाल्या, "म्हणजे माह्या पोरीचा विश्वास कमी नव्हता."

"नाई."

"तिले सांगा हे. आतमधी जाऊन सांगा. ते तेच समजून पडली आहे."

आत जाऊन सांगितलं. पुष्पाला सगळं कळत होतं, डोळ्यांवरून दिसलं. डाव्या हाताने तिने चादर तोंडावर ओढून घेतली. मी किती वेळ थांबलो माहीत नाही. नर्सने जा म्हटलं तेव्हा निघालो.

४ जाने., रवि.

काल रात्रीच्या गाडीने परत. आज साक्षीच्या वेळी मीच उभा राहिलो. कागदावर लिहून नेलं होतं, कारण पाठ बोललो तर चांगलं बोललो असतो. सगळं वाचलं. रूथच्या गोळ्या, माझी साक्ष, पुष्पाची डबी, बावीस तारीख. शेवंताचं नाव घेतलं नाही तर तीच उठून उभी राहिली आणि म्हणाली, "मी देत होतो." रूथ तिच्या शेजारी उभी राहिली.

साक्ष झाली की 'प्रभूची स्तुती असो' म्हणतात. कोणी म्हटलं नाही. एक म्हातारी सवयीने सुरू झाली आणि मधेच थांबली.

काहीजण उठून गेले. ते जाणारच होते. पण पाचजण बसून राहिले. मला वाटलं, जाब विचारायला बसलेत. कारूभाऊ पुढे आले, फार हळू बोलले, मला कान लावावा लागला. "पास्टरभाऊ, मी बी शुगरची गोळी सोडली, जी. पोळ्यापासून. टेबलावर नाई ठेवली, लाज वाटे. घरीच सोडली." मग त्यांच्या मागची बाई. बीपी. मग देवराव, टीबीचा अर्धा कोर्स. देवरावच्या घरात तान्हं लेकरू आहे.

मी फक्त टेबलावरचं पाहत होतो. घरोघरी काय चाललं होतं ते मला ठाऊकच नाही. आणखी किती असतील? पोंभुर्ण्यात? त्या मेळाव्यात तर मंडप भरला होता. त्यातले लोक कुठल्या कुठल्या गावचे, मी कुणाला कसं शोधू?

देवराव म्हणाला, "मंग आता कोणाचं आयकायचं जी आम्ही?"

मी आशाताईंचं नाव सांगितलं.

६ जाने., मंगळ.

पाचही जणांना काल दवाखान्यात नेऊन आणलं. देवरावला पहिल्यापासून सुरू करावं लागेल. कारूभाऊंची शुगर डॉक्टरांनी दोनदा तपासून पाहिली. पास्टरांना फोन केला, म्हणाले, तुम्ही काही दिवस उपासना घ्यायचं थांबा. बरोबर आहे.

स्तो. ८८. सगळ्या स्तोत्रांत हेच एक, ज्याच्या शेवटी उजेड नाही. आधी मी हे वाचल्यावर लगेच पुढचंही वाचायचो, तोंड गोड करायला. आज पुढचं नाही वाचलं. पण पुस्तकात हे ठेवलंय कोणीतरी, काढून नाही टाकलं, याचं आज बरं वाटलं.

दुपारी अंजनाबाईंचा फोन. पुष्पाची बोटं थोडी हलली. बोलणं नाही. डॉक्टर म्हणतात, आणखी आठ दिवस पाहू. मी विचारलं, प्रार्थना केली तर चालेल का. असं मी आजवर कुणाला विचारलं नव्हतं.

मग म्हणाल्या, "करा. नाई कशाले म्हणू. पन मोठ्यानं नका करू जी. मनात करा. कोणाले आयकू येऊ नये."

संध्याकाळी गिरणी बंद केल्यावर पट्ट्याजवळ बसलो. डोळे मिटले, तोंड मिटलं. पुष्पाचं नाव घेतलं आणि पुढे काही येईना. तीस वर्षं प्रार्थना करतोय आणि आवाज काढून घेतला तर मला येत नाही.

बसून राहिलो.