तुला जाळलं नाही म्हणून

आणि माझं बोलणं पुरं व्हायच्या आत फोन ठेवून द्यायचा, ही कुठली रीत, आत्या? येणार नसशील तर पुन्हा तोंड दाखवू नकोस, म्हणालीस. अगं, तोंड दाखवायलाच तर रजा लागते. (नमस्कार राहिलाच. पायांवर डोकं ठेवतो, पाय मागे घेऊ नकोस. गुडघा कसा आहे? मास्तरीणबाई, पत्र तुम्हीच तिला वाचून दाखवणार, तर तुम्हालाही नमस्कार. रागाची वाक्यं जरा हळू वाचा.) चौदा तारखेला तुझ्या डोळ्यांचं ऑपरेशन आणि मी तिथे नाही, हे कसं घडलं ते आधी ऐक, मग काय बोलायचं ते बोल.

इथे धुलाईच्या कारखान्यात इस्त्रीच्या यंत्रावर आम्ही दोघं, मी आणि हिशेब्या. (खरं नाव वेगळं आहे, पण चहात साखरही मोजून घालतो.) या महिन्यात दोघांत मिळून एकच रजा, कोणाला ते तुमचं तुम्ही ठरवा, असं मुकादम म्हणाला. हिशेब्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर राजेरजवाड्यांचा एक खेळ आहे. किल्ला, शेतं, चाळीस माणसांची प्रजा. ज्याचं राज्य शंभर वर्षं टिकेल त्याला रजा, असं ठरलं. प्रजेला नावं आपण द्यायची. काठी घेऊन बदकं हाकणारी एक म्हातारी होती, तिला तुझं नाव दिलं, कारण ती बदकांवर सारखी खेकसत होती.

आता त्या खेळात दुष्काळ पडला की लोक ओरडतात, गावात चेटकीण आहे. कोण, ते यंत्र ठरवतं. जाळली तर प्रजा खूश, नाही तर बंड. पहिल्या दुष्काळात नाव आलं तुझं. दुसऱ्यातही तुझंच. दोन्ही वेळा नाही म्हणालो आणि बंड कसंबसं निभावलं. हिशेब्या म्हणाला, यात कोणाचा आकस नाही, फासा पडेल तसा पडतो, मागे कोणाचं नाव आलं ते फाशाला आठवत नाही. म्हटलं, ज्याला कालचं आठवत नाही त्याच्या हाती चाळीस जीव द्यायचे कशाला? तर म्हणतो, अरे जाळ की, चित्रातली म्हातारी आहे. (त्याने सासूचं नाव दिलेली बाई पहिल्याच दुष्काळात जाळली. लगेच पाऊस पडला म्हणे.)

मग कामावरही मन लागेना. वाफेतून चादरी येत राहायच्या, पांढऱ्या, एकामागून एक, आणि त्यांच्या पलीकडे मला ते गाव दिसायचं. धुक्यात बुडालेली शेतं, आणि बदकं घेऊन ओढ्याकडे निघालेली तू. हाक मारली तरी वळायची नाहीस. मी चादरीची घडी घातली की गाव घडीत जायचं, पुढची चादर उलगडली की तू आणखी चार पावलं पुढे.

तिसऱ्यांदाही तुझंच नाव आलं. लोक मशाली घेऊन दाराशी. मी पुन्हा नाही म्हणालो. आणि कळलं काय, तर म्हातारी खरोखरच चेटकीण होती. किल्ल्यात आली आणि राजाची कोंबडी करून गेली. तुझी आभार मानायची पद्धत हीच, हे मी ओळखायला हवं होतं. पण आत्या, कोंबडी लढाई पुकारत नाही, कर वाढवत नाही. मी अंगणात दाणे टिपत होतो, गहू पिकत होता, पोरं मोठी होत होती, वर्षं ढगांसारखी वरून चालली होती. इतकं निवांत मला जन्मात वाटलं नव्हतं.

सत्त्याण्णवाव्या वर्षी कोल्हा आला. राज्य गेलं, रजा हिशेब्याला. तुला वेळेवर जाळली असती तर चौदाला तुझ्या खाटेशी बसलो असतो. आता सांग, चूक कोणाची?

तुझा बिनरजेचा भाचा

ता.क. पट्टी सोडल्यावर डोळे चोळू नकोस.

दुसरा ता.क. मास्तरीणबाई, हे मनात वाचा. तिने विचारलं तर हवापाण्याचं लिहिलंय म्हणून सांगा. कोल्हा आलाच नाही. कोंबडीने शंभर वर्षं पुरी केली, बुडालं ते हिशेब्याचं राज्य. पण त्याच्या घरी बाळ झालंय आणि तिच्या डोळ्यांसाठी डॉक्टरांनी सांगितलेल्या भिंगांचे पैसे माझ्याकडे अर्धेच होते, म्हणून रजा त्याला विकली. तिला कळलं तर पैसे परत पाठवील आणि तशीच चाचपडत बसेल. त्यापेक्षा रागावू दे. रागात असली की तिला भीती वाटत नाही. आत नेतील तेव्हा हात तुम्ही धरा, ती झटकेल, तरी सोडू नका. पैसे तिच्या हाती न देता थेट दवाखान्यात भरा. सोबत पाठवले आहेत, अकरा हजार चारशे.