शनिवारी बंद राहणारा घाणा कोणाचा

मी, हन्ना एलिया झिराडकर, वय छप्पन्न, धंदा लाकडी घाण्यावर तेल गाळणे, राहणार केज, जिल्हा बीड, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणणारे आले होते, चहा पिऊन गेले.

१. घाणा, त्याची जागा व मोटार भिवराबाई, शिवकन्या आणि बबिता या माझ्या कामगार बायकांना समान हिश्शाने द्यावी. तिघी पूर्वी ऊसतोडीला जात. तिथे नवरा-बायको मिळून एकच कोयता मोजतात आणि मजुरीची आगाऊ उचल नवऱ्याच्या हातात पडते. माझ्याकडे पहिल्याच महिन्यात बबिताचा नवरा रामकिसन दारात उभा.

"तिचा पगार माझ्याकडं द्या. मी नवरा हाय तिचा."

"मग घाण्यावर तुम्ही बसा," मी म्हटले. तो अजून बसलेला नाही.

२. घाणा शनिवारी बंद राहील, पगार चालू राहील. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे इथले ज्यू, शनिवारी काम न करणारे. याच सुट्टीपायी कोकणात आमच्या पूर्वजांना शनिवार तेली म्हणत. शेजारचे सुंदरराव म्हणाले, "शनिवारी तेल न्हाई? मग मारुतीला काय घालायचं?" शुक्रवारी घेऊन ठेवावे. मारुतीने आजवर तक्रार केलेली नाही, सुंदररावांनी दर आठवड्याला केली. शिवकन्या मात्र म्हणाली, "बाई, तुमचा देव लई गुणाचा. आमच्यांनी उपास दिले, सुट्टी न्हाई."

३. ठाण्याचा फ्लॅट आमच्या समाजातल्या नोकरदार मुलींना राहण्यासाठी द्यावा. समाजाच्या सभेत मी हे मांडले तेव्हा अध्यक्षांनी विचारले, "पोरी नोकरीला गेल्या तर एलियाहू हनाबीच्या नवसाचा मलिदा कोण करणार?" पोहे आणि गूळ पुरुषांच्या हातांनाही कालवता येतात. तेच हात मलिदा खाताना मी पाहिले आहेत. नारळ अध्यक्षांनी खवावा.

४. भाचा बेंजामिन याला घाणा विकून प्लॉट पाडायचे आहेत. "आत्या, बायकांना जमेल का गं धंदा?" असे त्याने मलाच, माझ्याच घाण्यावर, माझ्याच तेलातली भजी खात विचारले. त्याला काही नाही. वकील म्हणतात, तो कोर्टात जाऊन आत्याचे डोके ठिकाणावर नव्हते म्हणेल. म्हणून साक्षीला त्यालाच बोलावले आहे. घाणा आपल्याला मिळणार या आनंदात तो येईल, आणि वाचणार नाही. आमच्या घरातले पुरुष बाईने लिहिलेला कागद वाचत नाहीत.

केज, शुक्रवार, १७ जानेवारी २०२५
हन्ना एलिया झिराडकर (सही)

लिहून देणार बाई शुद्धीत असून त्यांनी आमच्यासमोर सही केली.
साक्षीदार:
१. सुंदरराव, शेजारी (सही)
२. बेंजामिन झिराडकर, भाचा (सही, उभ्या उभ्या)